पाणी कोणाच्या खात्याचं?

मा. मंत्रीमहोदय,
सविनय नमस्कार.

मी अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातला, म्हणजे खाडीला बांध घालून केलेल्या शेतीतला, शेतकरी. मागच्या वर्षी आपण आमच्या बांधावर आला होतात. आपल्याला आठवणार नाही, पण गुडघाभर पाण्यातला आपला फोटो गावात अजून आहे. पँट दुमडलेली, मागे छत्री धरलेला माणूस. "पुढच्या पावसाळ्याआधी हा बाहेरकाठा पक्का होईल," असं आपण खाडीकडच्या बांधाकडे बोट दाखवून म्हणालात. पुढचा पावसाळा आला. पक्की झाली ती खांड, बांधाला पडलेलं भगदाड. तेव्हा पंधरा हात होती, आता चाळीस हात आहे.

गेल्या पौर्णिमेला रात्री पाणी घरात शिरलं. आई 82 वर्षांची, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. तिला उचलून टेबलावर बसवली. ती रात्रभर एकच विचारत होती, "चाटून बघ, गोडं का खारं?" खारं होतं. गोड्या पाण्यातून भात एखाद वेळ मान वर काढतो, खाऱ्यातून नाही. आणि शेतातला खार धुऊन जायला पुढचे दोन-तीन पावसाळे लागतात. तळ्यातले जिताडे मासे खाडीत गेले. विहीर गेली. कणगीतलं बियाणं भिजलं. मुलीची बारावीची पुस्तकं अजून पत्र्यावर वाळताहेत.

सकाळी पंचनाम्याला साहेब आले. पहिला प्रश्न, "नुकसान उधाणाने की बांध फुटल्याने?" मी म्हटलं, उधाणाने बांध फुटला. म्हणे, असं लिहिता येत नाही, रकाना एकच आहे. केंद्र ज्यांना मदत देतं त्या आपत्तींची एक यादी आहे. हिमस्खलन आहे, शीतलहर आहे. उद्या धरमतरच्या खाडीत हिमकडा कोसळला तर आमची भरपाई नक्की! उधाण मात्र त्यात नाही. राज्याने ते आपल्या यादीत घेतलंय, पण बांध फुटला म्हटलं की तो देखभालीचा दोष ठरतो, आणि मग बांध सरकारी की खाजगी याचा दाखला आम्हीच आणायचा.

समुद्र खरंच चढतोय का, यावर वाद घालायला तुमचे अधिकारी भारी उत्सुक. एक म्हणाले, "काका, वर्षाला तीन-चार मिलिमीटर. नखाएवढंही नाही." बरोबर. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या 2021 च्या अहवालातही 2006 ते 2018 या काळात जगाची सरासरी वर्षाला 3.7 मिलिमीटर आहे, आणि 1901 ते 2018 मिळून 20 सेंटिमीटर. जेमतेम वीत. पण आमची शेतं उधाणाच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. बांधाला उघाडी असते, पाणी सोडायचं झाकणाचं दार. ओहोटीला तिचं झाकण बाहेर उघडतं, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती आली की बाहेरच्या दाबाने ते मिटतं. बाहेरचं पाणी वीतभर चढलं की झाकण उशिरा उघडतं आणि लवकर मिटतं, प्रत्येक ओहोटीला. म्हणजे बांध शाबूत असतानाही आम्ही बुडतो, गोड्या पाण्यात. आणि आज्याने त्याच्या काळच्या उधाणावर उंची धरून घातलेल्या बांधावरून आता पाणी सांडतं, आतली माती खरवडतं. खांड तिथूनच पडते. नखाएवढं म्हणणाऱ्याने एक रात्र उघाडीशी बसावं.

सगळा दोष समुद्राचा नाही. बार्जच्या लाटांनी काठ झिजतो, खेकडे बिळं पाडतात. पूर्वी गाव मिळून बांधाला चिखल लावायचं. आता पोरं कंपनीत जातात, आम्हीही सुस्तावलो. हे मीच लिहून ठेवतो, तुमच्या माणसांना शोधायला नको.

खारं पाणी चार वर्षं राहिलं की शेतात तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उगवतात. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवनाला संरक्षण दिलं, चांगलंच केलं, लाट तीच अडवतात. पण सातबाऱ्यावर भात आणि जमिनीवर तिवरं, अशा शेतकऱ्याने खायचं काय? तेव्हा मग दलाल येतो. त्याला मात्र भरावाची माती कुठून मिळते कोण जाणे.

पैसा नाही म्हणता? जवळपास 22 किलोमीटरच्या अटल सेतूला 17 हजार कोटींच्या वर निघाले. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी देशभरात धूप रोखायला 1,500 कोटी आणि धुपीने उठलेल्यांच्या पुनर्वसनाला 1,000 कोटी सुचवले होते. आमच्या खांडीत त्यातली पाटीभर मातीही पडलेली नाही.

1933 साली याच तालुक्यात, चरीला, आमच्या आज्यांनी खोतांविरुद्ध संप केला. 1939 पर्यंत खोताच्या शेतात नांगर घातला नाही. तेव्हा खोत निदान दिसायचा, त्याचं घर ठाऊक होतं. आता बांध एका खात्याचा, खाडी दुसऱ्याची, तिवरं तिसऱ्याची, बार्ज चौथ्याच्या परवान्यावर. संप करायचा कोणाविरुद्ध?

पुन्हा येऊ नका, छत्री धरणाऱ्याचे हाल होतात. येत्या अमावास्येच्या आत एक पोकलेन आणि माती पाठवा. आणि उधाण लिहायचं की बांध, तेवढं लेखी कळवा. पंचनाम्याचा कागद माझ्याकडेच आहे, तो रकाना कोरा ठेवलाय.

आपला,
खारेपाटातला एक शेतकरी