शेवटची दोन पानं

दादर, रविवार रात्र

प्रिय पक्या,

पैज तू हरलास. तसा मीही हरलोय, पण तू जास्त. तेव्हा मिसळ तुझ्याकडे लागू, आणि चाळीस वर्षांचं व्याज म्हणून वर पियूष.

कसली पैज म्हणून डोकं खाजवू नकोस. दहावीच्या सुट्टीत फाउंटनच्या फुटपाथवरून आपण इंग्रजी विज्ञानकथांचं एक जाडजूड पुस्तक उचललं होतं. मुखपृष्ठ नव्हतंच, म्हणून दोन रुपयांत पडलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन गॅलरीत बसून वाचायचो. त्यात जमिनीखाली पुरलेल्या, स्वतःच्या डोक्याने चालणाऱ्या रणगाड्याची गोष्ट होती. त्या रणगाड्यांच्या जातीचं नाव ‘बोलो’, त्यावरून आठवडाभर आपण एकमेकांना ‘बोलो, बोलो’ करत फिरलो. गोष्ट ऐन रंगात आली आणि शेवटची दोन पानं गायब! तू म्हणालास, शहर खलास. मी म्हणालो, वाटेतच त्याचं इंधन संपणार.

परवा किंग्ज सर्कलला पुस्तकवाल्याकडे ती अख्खी सापडली. कीथ लॉमरची ‘द लास्ट कमांड’, १९६७ ची. त्याने दोनशे सांगितले, दीडशेला दिलं. गाडीत बसायला जागा मिळाली नाही, म्हणून फलाटावरच बाकावर बसून संपवली. तीन गाड्या सोडल्या.

मधला भाग तुला आठवतच असेल. युद्ध संपून कित्येक वर्षं लोटलीत. किरणोत्साराने भरलेलं यंत्र, माणसांना बाधू नये म्हणून खोल गाडून टाकलेलं. वर बांधकामासाठी सुरुंग लावतात, ते याला शत्रूचे तोफगोळे वाटतात. जागं होतं, माती फोडून वर येतं आणि ज्या शहराचं रक्षण करायचं त्याच्यावरच चालून निघतं. सैन्याचं काही चालत नाही. इथवर आपल्याकडे होतं. आता पुढचं ऐक. एक म्हातारा निवृत्त सैनिक पुढे येतो. एके काळी या यंत्राबरोबर लढलेला. जवळ गेलं की किरणांनी मरण नक्की, हे माहीत असूनही तो जातो, ओळख सांगतो, हुकूम देतो. यंत्र वळतं. शहर वाचतं, म्हातारा मात्र परत येत नाही. झालं का खलास तुझं शहर? आणि माझं इंधनही संपलं नाही.

तेव्हा आपल्याला वाटायचं, भीती कसली, तर यंत्राला अक्कल येण्याची. दिवाळी अंकांतही दर दोन वर्षांनी कुणी ना कुणी ‘यंत्रमानव : आधुनिक भस्मासुर’ असा लेख पाडतोच. भस्मासुर बिचारा फुकट बदनाम! या यंत्राला उलटायचं नव्हतंच रे. ते हुकूमच पाळत होतं. फक्त हुकूम देणारे मरून गेले आणि ‘युद्ध संपलं’ हे त्याला कुणी कळवलं नव्हतं.

लॉमरच्या रणगाड्याची ती इमानदारी वाचताना गळा दाटून येतो (लेखक स्वतः हवाई दलात होता, ते जाणवतं). पण फ्रेड सेबरहेगनने १९६३ पासून ‘बर्सरकर’च्या गोष्टी लिहिल्या, त्यात हाच गुण अंगावर काटा आणतो. कधीच्या काळी दोन जमातींचं युद्ध झालं, दोन्ही नष्ट झाल्या, आणि एकीची यंत्रं अजून अवकाशात फिरताहेत, जिवंत दिसेल ते मारत. आज्ञाधारकपणा तोच. लॉमरकडे हाक मारायला एक म्हातारा उरला होता, यांना ओळखणारं कुणीच नाही.

आणि यातली निम्मी गोष्ट खरी आहे, पक्या. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात असे चुंबकीय सुरुंग टाकले होते की ते जहाजं मोजायचे. पहिलं जहाज सुखरूप जाऊ द्यायचं, दुसरंही, आणि ठरलेल्या आकड्याला फुटायचं. म्हणजे सुरुंग काढणाऱ्या बोटी जाऊन आल्या, रस्ता मोकळा म्हणून शिट्टी वाजली, की मग. जाणीव वगैरे काही नाही, नुसती मोजणी. ते वाचून मला झोप लागली नाही.

जाणीव असलेलं शस्त्र पाहायचं तर आपला भीष्म बघ. पक्ष चुकीचा आहे हे त्याला पुरतं कळतं, युधिष्ठिर पाया पडायला येतो तेव्हा तो स्वतःच सांगतो की माणूस अर्थाचा दास, मी कौरवांच्या अन्नाला बांधलेला. आणि तरी दहा दिवस पांडवांची सेना कापत राहतो. लॉमरच्या रणगाड्याची कीव येते, भीष्माची येत नाही. त्याला सगळं माहीत होतं ना! हे बोललो की आमची ही म्हणते, तुमचं सगळं महाभारतावर येऊन थांबतं. थांबतं खरं.

पण हे सगळं लिहायला बसलो ते दादाकाकांमुळे. फलाटावर ती गोष्ट संपवली आणि त्यांचीच आठवण आली. तुला ठाऊक आहेच, ते गोदीत फिटर होते आणि जुन्या ‘विक्रांत’ युद्धनौकेवर त्यांनी बरीच वर्षं काम केलं. १९९७ मध्ये ती सेवेतून निघाली, पुढे संग्रहालय झाली, आणि २०१४ च्या अखेरीस दारूखान्यात, जिथे जुनी जहाजं तोडतात तिथे, तोडायला काढली. काकांनी हट्टच धरला, मला नेऊन आण. रे रोडला उतरून गेलो. आत काही सोडलं नाही. फाटकाबाहेर उभे राहिलो, आतून गॅस कटरचा फर्रर्र आवाज आणि जळक्या रंगाचा वास. गल्लीतल्या भंगारवाल्यांकडे साखळ्या, पोर्टहोल, लाइफ जॅकेटांचे ढीग. काकांनी एका ढिगातून गंजलेला नट उचलला, न बघताच अंगठ्याने आतून आटे चाचपले आणि म्हणाले, “पाऊण इंची.” मग तो विक्रांतचा असेल नसेल, दहा रुपये देऊन खिशात टाकला.

परत येताना बराच वेळ गप्प होते. सँडहर्स्ट रोड गेल्यावर म्हणाले, “हिला कुणी सांगितलं का रे, की आता सुट्टी म्हणून?”

मी काय बोलणार! हसलो. त्यांनी जन्मात एक विज्ञानकथा वाचली नव्हती.

काका जाऊन आता सहा वर्षं झाली. नट माझ्याकडे आहे, टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवतो. या पत्रावरही आत्ता तोच आहे, त्यामुळे कोपऱ्यात तांबूस डाग दिसला तर चहाचा समजू नकोस.

पुस्तक गणपतीत येताना आणतो. बर्सरकरच्या गोष्टी वेगळ्या मिळाल्या तर बघतो, पण त्या रात्री वाचू नकोस. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. मिसळीचं विसरू नकोस.

तुझा,
सुध्या