फाईल गेली रे

प्रिय मित्रा,

चार महिने ना पत्र ना फोन. रागाव, पण आधी हे ऐक. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर "मग नव्याने सेट कर की" म्हणून मोकळे होतील.

माझी जेश्चर्सची फाईल गेली. कोणती कमांड कोणत्या कीवर, हे मी माझ्या हाताच्या सोयीने लावलेलं सगळं तिच्यात होतं.

कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला होता, विंडोज नव्याने टाकून परत आला. डॉक्युमेंट्स सगळी शाबूत. पण विंडोजच्या रोमिंग फोल्डरमधलं एनव्हीडीएचं, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या माझ्या प्रोग्रॅमचं, फोल्डर कोणी काढून ठेवलं नव्हतं, आणि सांगायचं माझ्याही ध्यानात आलं नाही. (मनगट ठीक आहे. थंडीत दुखतं, तेवढंच.)

एनव्हीडीए टाकलं, पहिल्याच खिडकीत एनव्हीडीए-की म्हणून कॅप्सलॉकला टिक केली आणि लिहायला बसलो. तुला माहीतच आहे, कॅप्सलॉक-क्यूवर मी बॅटरी किती उरली ते सांगणारी कमांड ठेवली होती, कारण मूळच्या एनव्हीडीए-शिफ्ट-बीला एकटा डावा हात पुरत नाही. सवयीने क्यू दाबला आणि ऐकायच्या आधीच एंटर मारून पुढच्या परिच्छेदाला निघालो. बंद होतानाची धून वाजली, मग सामसूम. क्यू म्हणजे मुळात बाहेर पडणं, हे मी पार विसरलो होतो! कंट्रोल-आल्ट-एन दाबून आवाज परत आणला, तेव्हा बोटं थरथरत होती.

तू क्लासमध्ये भांडायचास ते आठवलं. "मायकल करनने २००६ साली एनव्हीडीए सुरू केलं, तो आणि जेम्स टेह स्वतः अंध आहेत. त्यांनी लावलेल्या कमांड तू कशाला मोडतोस? दुसऱ्याच्या मशीनवर बसलास की अडशील." अडलो ना, स्वतःच्याच मशीनवर! पण त्यांनीच की बदलायला इनपुट जेश्चर्सची खिडकी दिली आहे, हे तू कधी कबूल केलं नाहीस. माझा हात त्यांच्या हातासारखा नाही, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आजही आहे.

आता खरी पंचाईत सांगतो. कोणती कमांड कुठे लावली होती, ते मला सांगता येत नाही. डोक्यात यादीच नाही, सगळं बोटांत. काल एनव्हीडीए-१ ने इनपुट हेल्प चालू केली आणि बोटं जिथे जातील तिथे जाऊ दिली. प्रत्येक कीवर आवाज मूळचा अर्थ सांगतो, आणि मी आठवत बसतो की इथे माझं काय होतं. रात्रीपर्यंत अकरा सापडल्या. मग इनपुट जेश्चर्सच्या खिडकीत फिल्टरमध्ये शब्द टाकायचा, यादीच्या झाडात कमांड शोधायची, अ‍ॅड, की दाबायची, "सर्व लेआउट" निवडायचं. काम दोन मिनिटांचं, आठवायला अर्धा तास. लिहिताना बोट मधेच थांबतं, तेव्हा वाक्यही तुटतं.

तुझ्या नव्या नोकरीचं कळलं, फार बरं वाटलं. आई कशी आहे? जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरवरच अडून आहेस ना अजून?

आणि हो, लॅपटॉप घेतलास तेव्हा मी तुला माझी हीच फाईल, जेश्चर्स डॉट आयएनआय, मेलने पाठवली होती. तू हसलास आणि वापरली नाहीस. पण तू मेल कधी काढून टाकत नाहीस. जुन्या इनबॉक्समध्ये बघ ना. आजच बघ.

तुझाच,
भांडखोर