त्या एका ओळीबद्दल

चि. निहार,
अनेक आशीर्वाद.

नोकरीसाठी स्वतःत काय सुधारायचं याची तू केलेली यादी दोनदा वाचली. आत्मविश्वास, संवादकौशल्य, वेळेचं नियोजन, नेतृत्वगुण, सकारात्मक दृष्टिकोन. तू मनापासून लिहिलं आहेस हे कळतं, पण खरं सांगू? ही यादी तुझ्या वर्गातल्या कुणाच्याही वहीत खपून जाईल. तुझी स्वतःची अशी एकच ओळ सापडली, तीही शेवटून दुसरी: 'प्रोजेक्टमध्ये मी केलेला भाग मलाच नीट समजावून सांगता येत नाही.' तिच्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. बाकीच्या मुद्द्यांवर मला फारसं काही म्हणायचं नाही.

ऑफिसात मुलाखती घ्यायला मी टेबलाच्या पलीकडे बसते, हे तुला माहीत आहे. समोर आलेल्या बायोडेटांमध्ये 'मेहनती', 'टीममध्ये काम करण्याची आवड', 'लवकर शिकतो' ही वाक्यं इतकी असतात की डोळे आपोआप पुढे सरकतात. मग मी एक साधा प्रश्न विचारते: तुमच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त वेळ कुठे अडकलात? काहीजण 'आम्ही' म्हणून सुरुवात करतात आणि शेवटपर्यंत 'आम्ही'तून बाहेरच येत नाहीत. एखादी मुलगी मात्र सांगते, 'आकडे जुळत नव्हते. दोन फायलींमध्ये तारीख वेगवेगळ्या पद्धतीने लिहिली होती, ते लक्षात यायला आठवडा गेला. मग मी तपासणीचा तक्ता केला.' ती अडखळत बोलते, इंग्रजीही बेताचंच असतं, पण आम्ही सगळे खुर्चीत पुढे सरकून ऐकतो. तू ज्याला आत्मविश्वास म्हणतोस ना, तो मला तरी असाच दिसतो. केलेलं काम माहीत असलं की तो मागून येतो. आरशासमोर उभं राहून तो येत असेल तर मला कल्पना नाही.

मग तुला सांगता का येत नाही? काम केलं नाहीस म्हणून नव्हे. तू नोट्स वाचतोस, पुन्हा वाचतोस, रंगीत पेनने खुणा करतोस, आणि ओळखीचं वाटलं की येतं असं धरून चालतोस. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर चित्र उलटं झालं, आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. गंमत म्हणजे, आपल्या चांगलं लक्षात राहील अशी खात्री जास्त होती ती पुन्हा वाचणाऱ्यांनाच.

म्हणून लॅपटॉप मिटायचा, कोरा कागद घ्यायचा आणि 'मी काय केलं, का केलं, दुसरं काय करता आलं असतं' एवढंच लिहायचं. जिथे हात थांबेल तिथे काय येत नाही ते कळेल. तेवढंच उघडून बघ आणि पुन्हा मिटून लिही. हे कंटाळवाणं आहे, पहिले काही दिवस चिडचिडही होईल.

आणि यादीतलं ते '२१ दिवसांत सवय लागते' खोडून टाक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये याचा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असा अंदाज निघाला, पण कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. तू एक दिवस चुकला की सगळंच सोडून देतोस, म्हणून मुद्दाम लिहिते.

दुसरं, हे सांगण्याचा सराव फक्त मित्रांपुढे करू नकोस. त्यांना आधीच सगळं माहीत असतं, ते मान डोलावतात. मागच्या बॅचचे सीनियर, सेमिनारमध्ये एकदाच भेटलेला माणूस, अशांना लिही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ च्या आपल्या गाजलेल्या लेखात दाखवलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती कळली होती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसांकडून. साहजिकच आहे, जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. पण 'सर, काही जागा असेल तर सांगा' असलं पत्र नको. आपण केलेलं काम चार ओळींत लिही आणि नेमका एक प्रश्न विचार. उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. माणसं कामात असतात.

नेतृत्वगुणांचं नंतर बघू. सध्या तुझ्या हाताखाली कुणी नाही.

रविवारी फोन करशील तेव्हा प्रोजेक्टमधला तुझा भाग पाच मिनिटांत सांग. मी नाही, बाबा ऐकणार आहेत. त्यांना तुझ्या विषयातलं ओ की ठो कळत नाही आणि 'म्हणजे काय?' विचारायला ते अजिबात लाजत नाहीत. कागद समोर ठेवायचा नाही, ही त्यांचीच अट आहे.

तुझी,
आई