सात नंबरची जर्सी

रेडरुथ, कॉर्नवॉल
28 डिसेंबर

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो. फोनवर मला हे धड सांगताही आलं नसतं. मध्येच आवाज चढला असता, तुझा नाहीतर माझा.

तुझ्या डोक्याला लागलंय हे कोचला मीच सांगितलं. आईनं नाही, तुझ्या त्या मित्रानंही नाही. मंगळवारी रात्री तू वर गेल्यावर मी मागच्या दारी उभं राहून फोन केला. तू त्या पोराशी बोलणं टाकलंयस असं आई म्हणाली. त्यानं तोंडसुद्धा उघडलेलं नाही. हे पत्र पुढं वाचायच्या आधी त्याला फोन कर.

13 तारखेच्या रग्बीच्या सामन्याला मी नव्हतो, ड्यूटी होती. घरी आलास आणि म्हणालास, खांदा दुखतोय. मी बर्फ दिला. जेवताना तू विचारलंस, “आत्याचा फोन आला होता का?” मी म्हटलं, आला होता, उद्या परत करणार आहे. भात वाढून होईस्तोवर तू पुन्हा विचारलंस, अगदी त्याच सुरात, “आत्याचा फोन आला होता का?” आईनं माझ्याकडं बघितलं. तू आमटी वाढून घेत होतास, तुला काही जाणवलंच नव्हतं. सोमवारी भर दुपारी तुझ्या खोलीचा पडदा ओढलेला होता. मंगळवारी जिना उतरताना तू कठड्याला हात धरलास. या घरात आल्यापासून तुला त्या कठड्याला हात लावताना मी कधी पाहिलेलं नाही.

मी विचारलं तर म्हणालास, तुमच्याच हॉस्पिटलात स्कॅन करा, स्वच्छ आला तर खेळतो. अरे, सतरा वर्षं मी त्या मशीनवर काम करतोय. रक्तस्राव असेल, हाड मोडलं असेल तर सीटीत दिसतं. कन्कशन दिसत नाही. मेंदूला हिसका बसतो, आतला कारभार बिघडतो आणि फिल्म मात्र स्वच्छ येते. म्हणून तर इथला नियम फिल्मवर नाही, दिवसांवर बांधलाय. 2023 पासून सगळ्या हौशी खेळांना एकच सूचना आहे: नुसती शंका आली तरी खेळाडू ताबडतोब मैदानाबाहेर, आणि सामन्यात परतायला कमीत कमी 21 दिवस. त्यातही अंगाला अंग भिडणाऱ्या सरावाआधी सलग 14 दिवस एकही लक्षण नको. तुला लागलं 13 ला आणि पुढचा सामना 26 ला, म्हणजे तेरा दिवस. आणि मंगळवारी तर तुझं डोकं दुखतच होतं. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज चढू शकते. क्वचित होतं, पण होतं ते बहुतेक तुझ्याच वयाच्या पोरांना.

फोन करणार आहे हे आधी तुला तोंडावर सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं. तू वर झोपलेला आणि मी खाली हळू आवाजात बोलतोय, हे माझं मलाच टोचत होतं. पण फोन केला ते चुकलं नाही. आज पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा करीन.

पहिल्या संघाच्या यादीत पहिल्यांदा तुझं नाव आलं होतं, तेही 26 तारखेच्या, बॉक्सिंग डेच्या, शेजारच्या कॅम्बोर्नविरुद्धच्या सामन्याला. त्याचा अर्थ मला कळत नाही असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. सतरा वर्षांपूर्वी या गावात आलो तेव्हा बॉल मागं फेकत फेकत पुढं जायचा हा खेळ मला काही कळला नव्हता. डर्बी, म्हणजे शेजारच्या दोन गावांची खुन्नस, मात्र पहिल्याच दिवशी कळली. कोल्हापूरच्या माणसाला ती शिकवावी लागत नाही. शाहू स्टेडियमला फुटबॉलच्या मॅचला शिवाजी पेठ एका बाजूला आणि मंगळवार पेठ दुसऱ्या बाजूला बसलेली आम्ही लहानपणापासून बघत आलोय. एका गल्लीत माहेर, दुसऱ्या गल्लीत सासर, आणि मॅचच्या दिवशी दोन्ही घरांत अबोला.

त्यातलीच एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मी बारावीत होतो. आमच्या संघातला माझा मित्र, तू ज्याला काका म्हणतोस तोच, कोपऱ्यावरून आलेला बॉल डोक्यानं मारायला उडाला. समोरचा बॅकही उडाला. कपाळावर कपाळ आदळल्याचा आवाज आम्हाला लांबवर ऐकू आला. आम्ही त्याच्या तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून नाकाला लावला आणि “ऊठ मर्दा” म्हणून उभा केला. उभा करणाऱ्यांत पहिला हात माझा होता. शेवटच्या पाच मिनिटांत त्यानं गोल मारला. आम्ही जिंकलो, गुलाल उधळला, त्याला खांद्यावर घेऊन पेठेतनं मिरवला. रात्री तो ओकायला लागला. दोन दिवस दवाखान्यात होता. बरा झाला, पण ती दुपार काही त्याला परत मिळाली नाही. मागच्या गणपतीत आपण गेलो होतो ना, तेव्हा रंकाळ्यावर बसलो असताना त्यानं मला विचारलं, “डाव्या पायानं मारला होता का रे मी?” पन्नाशीचा माणूस. दर भेटीत एकदा तरी विचारतो. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गोल त्यानं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला आहे.

कोचला फोन लावताना माझ्या डोळ्यांपुढं तो होता.

आता परवाचं सांगतो. तू 24 तारखेच्या गाडीनं प्लिमथला गेलास. नाताळच्या दिवशी घरात तिसरं ताट नव्हतं, त्याबद्दल आई काही बोलली नाही आणि मीही नाही. 26 ला सकाळी मी एकटाच निघालो. रात्री दहिवर गोठलं होतं, रस्त्याकडेचं गवत पायाखाली कुरकुरत होतं. कार्न ब्रेच्या टेकडीवरचा स्तंभ धुक्यात अर्धाच दिसत होता. खालच्या वळणापासूनच गर्दी लागली. कॅम्बोर्नचे लोक लाल-पांढरे मफलर गुंडाळून, पोरंबाळं घेऊन आले होते, आणि आपली लाल जर्सीवाली पोरं गेटाशी त्यांची वाट बघत. गावं तीन-चार मैलांवर, पण दोघांचा तोरा बघ. ते म्हणणार, 1801 च्या नाताळच्या आदल्या दिवशी आमच्या ट्रेविथिकनं वाफेची गाडी चढावर चालवली. आपण म्हणणार, त्याच्या आधीच आमच्या मर्डॉकनं घरात गॅसचा दिवा लावला होता. दोनशे वर्षं हेच चाललंय.

मी आपल्या नेहमीच्या जागी, हेलफायर कॉर्नरला उभा राहिलो. शेजारी ते म्हातारे खाणवाले होते, तुला लहानपणी पेपरमिंट देणारे. “पोरगं कुठाय, माय हँडसम?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, डोक्याला लागलंय, मीच थांबवला. ते बराच वेळ मैदानाकडं बघत राहिले. मग म्हणाले, साउथ क्रॉफ्टीच्या खाणीत खाली उतरताना दोन्ही गावांचे लोक एकाच पिंजऱ्यात असायचे. शनिवारी ज्यानं तुझं नाक फोडलं, सोमवारी त्याच्याच हातात तुझ्या दोरीचं दुसरं टोक. त्यामुळं कुणाला किती लागलंय हे लपत नसे. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याच्याबरोबर खाली जायला कुणी तयार होत नसे. 1998 ला खाण बंद झाली तोवर ते तिथं होते. एवढं बोलून त्यांनी खिशातनं पेपरमिंट काढून मला दिलं.

त्यांनीच मला बर्ट सॉलोमनबद्दल सांगितलं. याच क्लबचा गडी, डुकराच्या मांसाच्या कारखान्यात कामाला. 1908 च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या वतीनं कॉर्नवॉलचा संघ उतरला, त्यात तो होता. ऑस्ट्रेलियानं त्यांना 32-3 असं हरवलं. त्या रग्बीला संघच दोन होते, म्हणून रौप्य मिळालं. पुढं 1910 ला ट्विकनमवरच्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात तो वेल्सविरुद्ध इंग्लंडकडून खेळला आणि त्यात ट्राय केला, म्हणजे बॉल रेषेपलीकडं नेऊन टेकवला. त्यानंतर बोलावणी आली, तो गेला नाही. इंग्लंडसाठी एकच सामना. आणि आज शंभराहून जास्त वर्षांनी एक म्हातारा थंडीत कुडकुडत त्याच्या हुलकावणीचं वर्णन मला असं करत होता, जणू काल बघितलीय.

सामना मी सगळा बघितला असं म्हणवत नाही. माझं लक्ष सात नंबरवर होतं. तुझ्या जागी तो प्लंबर खेळला, आपल्या बाथरूमचा नळ बदलून गेला तोच. वर्षभर तो दुसऱ्या संघातच होता. पहिल्या दहा मिनिटांत त्यानं टॅकल जरा वर केला आणि रेफ्रीनं शिट्टी मारली. छातीच्या हाडाच्या खालीच धरायचं हा नियम येऊन दोन-तीन हंगाम झाले, पण वीस वर्षांची सवय खांद्यातनं जात नाही. पुढं मात्र तो खाली वाकला तो वाकलाच. रकमधून, म्हणजे बॉलवरच्या झोंबाझोंबीतून, बाहेर आला की आधी गुडघ्यावर हात ठेवायचा, एक श्वास घ्यायचा, मग पळायचा. एकदा आमच्यासमोर, पाच मीटरवर स्क्रम लागला, दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून भिडतात तो. रेफ्रीचं “क्राउच... बाइंड...” ऐकू आलं आणि “सेट” म्हटल्याबरोबर सोळा माणसं एकमेकांत घुसल्याचा तो आवाज. मला दरवेळी तालमीतला आवाज आठवतो, हौद्यातल्या तांबड्या मातीवर पाठ आदळल्याचा. सगळ्यांच्या पाठीवरनं वाफ निघत होती. चिखलात त्याच्या जर्सीवरचा सात दिसेनासा झाला होता. तू त्याला एकदा फोन करून अभिनंदन कर. ते त्याला फार बरं वाटेल.

निकाल तुला कळलाच असणार, तो मी लिहीत नाही.

शिट्टी झाल्यावर दोन्हीकडच्यांनी रांगा करून एकमेकांना टाळ्या दिल्या. मी निघालोच होतो, तेवढ्यात कॅम्बोर्नचा सात नंबर कुंपणापाशी आला. ओठ सुजलेला. तुम्ही दोघं सात वर्षांचे असताना एकमेकांच्या कमरेचे टॅग ओढत होतात, तेव्हा तो तुझा टॅग घेऊन थेट आपल्या गाडीपर्यंत आला होता, परत द्यायला विसरला म्हणून. त्यानं विचारलं, “तो कसाय आता?” कसा खेळला असता, का नाही खेळला, असलं काही नाही. कसा आहे, एवढंच. मी म्हटलं, मला नीट माहीत नाही, तो माझ्याशी बोलत नाही. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “सांगा त्याला, मी पुढच्या वर्षीही इथंच आहे.” आणि लंगडत आत चहाला गेला.

घरी आलो तर आईनं पेस्टी केल्या होत्या. तुझ्या माघारी करणार नाही म्हणत होती, पण सकाळी मी बाहेर पडल्यावर लागली असणार. बटाटा, कांदा, स्वीड, मांस आणि आपला कांदा-लसूण मसाला. कडेची मुरड आता तिला इथल्या बायकांसारखी जमते, आपल्या करंजीचीच सवय कामाला आली असं ती म्हणते.

21 दिवस 3 जानेवारीला भरतात. पण तुझं डोकं शेवटचं कधी दुखलं, उजेड कधीपासून सोसतोय, हे मला ठाऊक नाही. ते तुझं तूच कोचला सांग. मी आता फोन करणार नाही.

तुझे बूट मागच्या दारी आहेत. चिखल काढून आत वर्तमानपत्र भरलंय, दर दोन दिवसांनी बदलतो. फ्रीझरमध्ये तीन पेस्टी ठेवल्यात. खाणवाल्यांच्या बायका करायच्या तसं आईनं प्रत्येकीच्या कोपऱ्यावर पिठाचं अक्षर लावलंय, तुझं, देवनागरीत. एकीची वेलांटी भाजताना वाकडी झाली. ती मी खायला मागितली होती, तिनं दिली नाही.

तुझा,
बाबा