घोट्याचं ऑपरेशन आणि बाहेरचं घड्याळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घोट्याचं ऑपरेशन लांबलं आणि पुढे टाके पिकले, की नातेवाईकांचा निकाल तयार असतो: ‘तीन तास आत ठेवलं, मग पिकणारच!’ हाडांच्या ऑपरेशन थिएटरमधून (ओटीतून) निवृत्त झालेली सिस्टर म्हणून सांगते, यात अर्धंच खरं आहे.

वेळेचा आणि त्रासाचा संबंध आहे, हे आधी मान्य करते. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या मोठ्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासांतही लांबलेल्या ऑपरेशननंतर जखमेचं इन्फेक्शन आणि रुग्णालयातला मुक्काम वाढलेला दिसतो. घोट्यावर मांस जवळपास नसतंच, कातडीखाली लगेच हाड. ती पातळ कातडी रिट्रॅक्टरने ओढून धरलेली, जखम उघडी, आणि मांडीला टॉर्निकेट, म्हणजे हवेचा पट्टा, फुगवून रक्त अडवलेलं. दीड तास होत आला की भूलतज्ज्ञ सर्जनना वेळ सांगतात; दोन तासांपुढे टॉर्निकेट सहसा कुणी ठेवत नाही.

पण बाहेरचं घड्याळ स्ट्रेचर आत गेल्यापासून चालू होतं. पाठीत भूल देणं, ती चढायची वाट बघणं, पाय धुऊन बीटाडीन लावणं, कापडं अंथरणं, सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना हाड दाखवणारं एक्स-रे यंत्र) लावणं, हे सगळं त्यात धरलं जातं. अभ्यासांत मोजतात ती वेळ चीर दिल्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंतची.

शिवाय सगळे घोटे सारखे मोडत नाहीत. बाहेरचं एकच हाड गेलं असेल तर प्लेट-स्क्रू लावून काम लवकर आटोपतं. आतून, बाहेरून, मागून असं तिन्हीकडे मोडून सांधा निखळला असेल, तर मागच्या तुकड्यासाठी कधी पेशंटला पालथंही झोपवावं लागतं. अशा पायाला मुळातच मार जास्त. जखम वेळेने पिकली की माराने, हे नुसत्या मिनिटांवरून कसं ठरवणार?

आपल्याकडचं एक कारण तर स्पष्टच लिहायला हवं. तालमीच्या या कोल्हापुरात पाय मुरगळला की पहिली धाव हाडवैद्याकडे. तेल लावून चोळायचं, कामट्या आवळायच्या. पेशंट आमच्याकडे पोचायचा तेव्हा घोटा टम्म आणि कातडीवर पाण्याचे फोड. मग पाय उंच ठेवून सूज उतरायची वाट बघायची. कातडीला बारीक सुरकुत्या दिसल्या की मगच सर्जन तारीख देणार. यात तीन-चार आठवडे उलटले तर तुकडे वेडेवाकडे चिकटू लागतात, आणि ते सोडवून जागेवर आणण्यातच वेळ जातो. ती वेळ सर्जनच्या नावावर लिहिणं मला पटत नाही. शुगर आणि तंबाखूचंही तसंच. दोन्हींमुळे जखम भरायला उशीर होतो, तरी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उशाखाली मिश्रीची डबी सापडायचीच! नातेवाईकांनीच आणून दिलेली.

उलट ‘आमच्या डॉक्टरांनी अर्ध्या तासात उरकलं’ ही फुशारकीही मी ऐकते. सांध्यातलं खालचं हाड बाहेरच्या बाजूला 1 मिलिमीटर सरकलं तरी सांध्याचा एकमेकांना टेकणारा भाग सरासरी 42 टक्क्यांनी घटतो, हे 1976 सालीच मोजून दाखवलेलं आहे. घाईत तेवढी चूक राहिली तर टाके छान भरतात आणि पुढे गंगावेशीपर्यंत चालत जायचं म्हटलं तरी घोटा ठणकतो.

हा वाद अंदाजावर चालतो, कारण पेशंटच्या हातात कागदच नसतो. डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा ऑपरेशनचं नाव आणि भुलेचा प्रकार एवढंच असतं. चीर कधी दिली, टाके कधी संपले, टॉर्निकेट किती मिनिटं होतं, हे ओटीच्या रजिस्टरमध्ये आणि भुलेच्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं. सरकारी असो वा खासगी, शहरातल्या रुग्णालयांनी हे तीन आकडे आणि त्या दिवशीची शुगर कार्डावर उतरवून द्यावी. सिस्टरचं दोन मिनिटांचं काम आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर