बाबा, काकांना फोन करा, पण पगाराचं बोलू नका

प्रिय आई-बाबा,

दादाकडे पुण्यात करमतंय ना? आई, फिजिओवाल्या बाई येतात म्हणे रोज, दुखतं म्हणून मध्येच बंद करू नकोस ग.

आता बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. आमच्या व्हिडिओ गेमला प्रोग्रॅमर मिळालाय असं वाटतंय, आणि तो कोण तर इथे बडोद्यात कमाटी बागेत सकाळी तुमच्याबरोबर फिरायला असतात ना ते दांडिया बाजारवाले काका, त्यांचा धाकटा. मुलगा एका पायावर तयार आहे पण काका विचारतायत कंपनी कुठली, पगार किती, आणि ते बिचारे विचारणारच.

तुम्ही मागे म्हणालात की घरोघरी कॉम्प्युटर इंजिनियर पडलेत आणि तुम्हाला एक मिळू नये? आले की बरेच, हुशारही होते, पण सगळे तयार इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या आयत्या सॉफ्टवेअरवर काम करणारे, त्यांना गुरुत्वाकर्षणसुद्धा आयतं मिळतं. आम्ही गेम करतोय लहानपणी टीव्हीला जोडायचो त्या कॅसेटवाल्या मशीनसाठी. मूळ जपानी मशीन 1983 चं, आतली चिप 1975 च्या डिझाईनवरची, मेमरी फक्त 2 केबी, म्हणजे हे पत्रसुद्धा त्यात मावणार नाही. आणि बाबा, तुम्ही आयुष्यभर बँकेत आकडेमोड केलीत म्हणून सांगते, त्या चिपला गुणाकार येतच नाही, बेरजा करकरून भागवायचं. तर इथे असेंब्ली, म्हणजे थेट चिपच्या सूचनांची भाषा लिहिणारा माणूस लागतो, आणि असेंब्ली म्हटलं की सगळ्यांचं एकच, कॉलेजात 8085 चिपचा अभ्यास केला होता हो, परीक्षा झाली आणि विसरलो.

गेम उत्तरायणाचा आहे, पोळातल्या, म्हणजे जुन्या दाटीच्या गल्ल्यांतल्या गच्च्या, पतंग, फिरकी. चित्रं माझी, त्यात एका आकृतीला तीनच रंग मिळतात पण ते मला आवडतं, उगाच नटवायला वावच नाही. लेव्हल्स मैत्रीण करते आणि थोडा कोडही तिनेच सी या भाषेत लिहिला, त्यावर एक पतंग मस्त उडतो, दुसरा आला की सगळं गोगलगाईसारखं चालायला लागतं. त्याहून मोठं दुखणं दोरीचं. ते मशीन हलत्या आकृत्या स्क्रीनच्या एका आडव्या ओळीत आठच दाखवतं, नववी गायब, आणि आमची दोरी अशाच आठ-आठ ठिपके रुंद आकृत्यांची. आठवतंय, गेममध्ये माणसं लुकलुकायला लागली की तुम्ही टीव्हीला चापट मारायचात? टीव्हीचा काही दोष नव्हता हो, हेच कारण. तर दोरी उभी असेपर्यंत ठीक, पण ढील दिली आणि ती आडवी झाली की 64 ठिपक्यांच्या पुढे दोरीच नाही, पतंग आपला हवेत अधांतरी. आणि ढील नसलेलं उत्तरायण कोण खेळणार?

आम्ही इंटरव्ह्यू वगैरे घेतलाच नाही, त्याला हेच दाखवलं. तो सेव उसळ खाता खाता स्क्रीनकडे बघत बसला, मग म्हणाला दोरीचे तुकडे एकाआड एक दाखवा, एका फ्रेममध्ये पहिला-तिसरा-पाचवा, पुढच्या फ्रेममध्ये दुसरा-चौथा-सहावा, सेकंदाला 60 फ्रेम जातात, डोळा आपोआप जोडून घेतो. लगेच करून पण दाखवलं त्याने. दोरी जरा फिकी दिसते, पण खरा मांजा उन्हात तसाच दिसतो की! मैत्रीण आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि ठरलंच म्हणा.

आता काकांशी काय बोलायचं ते नीट ऐका, कारण तुम्हाला मी ओळखते, तुम्ही सांगाल माझ्या मुलीची कंपनी आहे, भविष्य उज्ज्वल आहे. तसलं काही नको. कंपनी नाही, पगार नाही. त्याने चालू नोकरी अजिबात सोडायची नाही, शनिवार-रविवार आमच्याकडे. कॅसेट बनवायचा खर्च वजा जाता जे उरेल त्याचे चार सारखे वाटे, मी, मैत्रीण, संगीतवाला आणि तो. काहीच उरलं नाही तर चौघांनाही काहीच नाही, हेही सांगा. त्याने लिहिलेला कोड त्याचा, मध्येच सोडून गेला तरी या गेमपुरता आम्ही वापरू आणि त्याचं नाव राहील, हे सगळं कागदावर सह्या करून. मला काकांनी नंतर तुमच्याशी बोलणं टाकलेलं चालणार नाही, आणि त्या मुलालाही घरात रोज कटकट ऐकत काम करायला नको.

लग्नाचा विषय काकांनी काढला तर तिथल्या तिथे थांबवा, प्लीज. आई, हसू नकोस.

कागद रविवारी करायचाय, त्याआधी फोन झाला तर बरं. सकाळी फिरून आल्यावर ते निवांत असतात, साडेआठनंतर करा. काय म्हणाले ते मला मेसेज टाका, व्हॉइस मेसेज नको, तुमचे फार लांब होतात.

तुमची,
चिमी