राजाराम बंधाऱ्यावरच्या मामांना

आदरणीय मामा,

सा. न. वि. वि.

माझा प्रबंध विद्यापीठानं मान्य केला. आता तो ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढेल आणि कुणालाही वाचता येईल. ऋणनिर्देशाच्या पानावर मार्गदर्शक, विभागप्रमुख, ग्रंथालय, सासर-माहेर अशी मंडळी रीतीप्रमाणे ओळीनं बसली आहेत. तुमच्या वाट्याला त्यात एकच ओळ आली, आणि तीही इंग्रजीत. ‘नाव घालू नका म्याडम, उगं चर्चा नको’ असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून नाव तिथंही नाही आणि इथंही नाही. पण प्रबंधाचा अर्धा जीव तुमच्या बोलण्यात आहे. ते त्या एका ओळीत मावेना, म्हणून हे पत्र.

आमच्या कॉम्प्युटर सायन्सच्या विभागात माझा विषय सांगितला की लोक म्हणायचे, ‘म्हणजे डेटा घेतला, मॉडेल चालवलं, पेपर टाकला.’ विषय होता कोल्हापूरच्या पंचगंगेची पातळी काही तास आधी सांगण्याचा. हत्यार होतं एलएसटीएम, म्हणजे १९९७ साली होखरायटर आणि श्मिडहुबर यांनी मांडलेली न्यूरल नेटवर्कची रचना. मागच्या नोंदींमधलं काय धरून ठेवायचं हे ती आकड्यांवरूनच शिकते. आज बंधाऱ्यावर दिसणारं पाणी म्हणजे बऱ्याच अंशी काल वर गगनबावड्यात पडलेला पाऊस, त्यामुळे नदीच्या कामाला ती जुळते. हे सगळं मला पुस्तकातून कळलं होतं. आकडा कसा जन्माला येतो, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पहिली गोष्ट फूट-इंचांची. तुमच्या बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीच्या जुन्या नोंदी संगणकावर चढवायला मी मुलं बसवणार होते. तुम्ही चहा पीत सहज म्हणालात, ‘टिंब देऊ नका हां. एकेचाळीस दहा आणि एकेचाळीस एक, दोन्ही सारखंच दिसंल.’ मी घरी येऊन एक्सेलमध्ये करून बघितलं. ४१ फूट १० इंच म्हणून ४१.१० लिहिलं, तर शेवटचं शून्य गळून ४१.१ उरलं. ४१ फूट १ इंचही ४१.१ च. नऊ इंचांचा फरक गायब! गंमत पुढेच आहे. पाणी एकेक इंचानं चढत असलं तर नोंद दिसणार ४१.८, ४१.९, मग एकदम ४१.१, मग ४१.११, आणि मग ४२. म्हणजे नदी चढत असताना मॉडेलला ती मध्येच आपटून परत उसळलेली दिसली असती, आणि आम्ही त्याला कसलं तरी भारी नाव देऊन पेपरही छापला असता. तुमच्यामुळे सगळ्या नोंदी आधी इंचांत केल्या. ४१ फूट १० इंच म्हणजे ५०२. इशारा पातळी ३९ फूट म्हणजे ४६८, धोका पातळी ४३ फूट म्हणजे ५१६. प्रबंधात याला ‘पूर्वप्रक्रिया’ म्हटलंय आणि परिच्छेद एकच आहे. माझ्या मते तो प्रबंधातला सगळ्यात किमती परिच्छेद.

दुसरी गोष्ट वेळेची. एरवी तुम्ही ठरलेल्या वेळीच पाणी मोजायची पट्टी बघायचात आणि पाणी चढायला लागलं की तासातासाला. तुमच्या लेखी ही साधी ड्युटी. आमच्या लेखी हा सापळा आहे. दोन नोंदींमधलं अंतर कमी झालं म्हणजे पूर येणार, एवढं मॉडेल चटकन शिकतं. मग ते नदीकडे बघतच नाही, तुमच्याकडे बघून अंदाज सांगतं! परीक्षेत गुण उत्तम, उपयोग शून्य. म्हणून ते अंतर मॉडेलपासून लपवून ठेवावं लागलं. आणि रात्री बॅटरीच्या उजेडात पट्टी वाचताना लाटेनं दोन-तीन इंच इकडंतिकडं होतात, असं तुम्ही सांगितल्यापासून अर्ध्या इंचाच्या अचूकतेच्या गप्पा मारणारे पेपर वाचताना मला हसू आवरत नाही.

पण खरं ऋण आहे ते तुमच्या एका प्रश्नाचं. मी मोठ्या उत्साहानं आलेख दाखवला. निळी रेघ खरी पातळी, लाल रेघ आमचा अंदाज, दोन्ही एकमेकींवर बसलेल्या. आमच्या क्षेत्रात अशा अंदाजाला नॅश आणि सटक्लिफ यांच्या १९७० च्या सूत्रानं गुण देतात, एकाच्या जितके जवळ तितकं चांगलं. आमचे गुण एकाला टेकले होते. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत आणि विचारलंत, ‘उतरताना कुणीबी सांगंल. चढताना किती चुकतंय ते सांगा की.’

त्या प्रश्नानं काम वर्षभर लांबलं, मामा. नदी बहुतेक वेळ संथच असते. ‘आत्ता आहे तेवढीच सहा तासांनी राहील’ एवढं म्हणणारा अडाणी नियमसुद्धा या सूत्रात भरघोस गुण मिळवतो. आम्ही मग फक्त चढत्या पाण्याचे तास वेगळे काढले आणि त्या अडाणी नियमाशी सामना लावला. सहा तासांच्या अंदाजात आमचं मॉडेल त्याच्यापेक्षा जेमतेम सरस निघालं. बारा आणि चोवीस तासांना मात्र फरक दिसला. दिसायला निकाल पहिल्यापेक्षा फिका आहे. पण नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीच्या माणसाला जनावरं सोडवून वर न्यायची तर चढत्या पाण्याचेच तास कामाचे, हे तुम्हाला ठाऊक होतं. मला संदर्भसूचीतल्या एकाही पेपरनं सांगितलं नव्हतं.

तपासणीसाठी २०२१ चा अख्खा पूर बाजूला काढून ठेवला, त्यातली एकही नोंद मॉडेलला शिकताना दाखवली नाही. सगळे तास पिसून त्यातले काही शिकवायला आणि काही तपासायला घेतले असते, तर दहाची नोंद बघून अकराची सांगायची, म्हणजे फुटलेला पेपर हातात घेऊन परीक्षेला बसण्यासारखं झालं असतं. दुर्दैव असं की २००५, २०१९, २०२१ असे मोठे पूर मोजकेच. (दुर्दैव म्हणायची आमची संशोधकांची जात बघा! पुन्हा तसा पूर येऊ नये हेच खरं. महामार्ग शिरोलीला बंद पडल्यावर शहराचं काय होतं ते दोनदा बघितलंय.)

कृष्णेचं तर विसरूनच चालले होते. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या पंचगंगेला मिळणाऱ्या नद्यांचा पाऊस आणि राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांचा विसर्ग घातला की झालं, असा माझा समज होता. एक दरवाजा उघडला की १४२८ क्यूसेक, हिशेब सोपा. तुम्ही म्हणालात, ‘पाऊस थांबला तरी पाणी हटत न्हाई, कारण खाली कृष्णा जागा देत न्हाई.’ पंचगंगा जिथं कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगा मागं तुंबते. ती वरच्या पावसाकडे बघून उतरत नाही. म्हणून नृसिंहवाडीची पातळीही मॉडेलला दिली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, खालच्या बाजूची पातळी इनपुटमध्ये का? मी तुमचं वाक्य शुद्ध इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न दुसऱ्याच प्रकरणावर गेला. गाईड सरांनी नंतर विचारलं, हा संदर्भ कुणाचा? मी म्हटलं, कसबा बावड्याच्या बंधाऱ्यावरचा.

तुम्हाला यातून काय मिळालं? मानधन घेतलं नाहीत. पेपरवर लेखक म्हणून नाव घालू या म्हटलं तर हसलात. आमच्याकडे मॉडेल एका टक्क्यानं सुधारणाऱ्याचं नाव पहिलं लागतं आणि पावसात उभं राहून तो आकडा लिहिणाऱ्याचा उल्लेख ‘डेटा उपलब्ध झाला’ असा होतो. कुणी लिहिला म्हणून उपलब्ध झाला ना? ही रीत मला पटत नाही, पण मीही ती मोडू शकले नाही. एवढं मात्र केलं, की डेटा कसा नोंदवला जातो यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. मार्गदर्शकांना सुरुवातीला ते ‘तांत्रिक नाही’ असं वाटलं होतं. आता नवीन मुलांना तेच पहिलं वाचायला देतात.

त्या प्रकरणाचं मी मराठी केलंय. छापलेली प्रत रविवारी तुमच्या भाच्याच्या हाती देते. दुसरी आकृती नीट बघा. त्यात रात्रीच्या नोंदी ठिपक्यांनी दाखवल्या आहेत आणि काही ठिकाणी एकाच पातळीचे ठिपके लागोपाठ आलेत. पाणी खरंच थांबलं होतं, की पट्टीपर्यंत जाता आलं नव्हतं म्हणून वरच्या ओळीतलाच आकडा खाली उतरवला, हे मला आकड्यांवरून ठरवता येत नाही. माझी एक विद्यार्थिनी आता कासारी आणि कुंभीवरच्या बंधाऱ्यांच्या नोंदी घेऊन पुढचं काम सुरू करतेय, तिला हे आधी कळलं तर बरं. पेन्सिलीनं खुणा केल्यात तरी चालेल. मृग लागायच्या आत प्रत परत न्यायला येईन, तिलाही सोबत आणते.

आपली,
म्याडम